उशीतले सोळा तुकडे

आईनं अण्णांची उशी मांडीवर पालथी घातली आणि ब्लेडनं तिची शिवण उसवायला घेतली. दुपारचे बारा वाजले होते. अण्णा दुकानात होते. दाराला आतून कडी होती, आणि ती नीट लागली आहे का, हे आईनं मला दोनदा बघायला लावलं होतं.

"चांगली उशी आहे की गं ती," मी म्हणाले.

"चांगली कसली. तेवीस वर्षांची आहे."

"मग आजच का?"

"तुला आठवा सरला म्हणून."

उशीतून आधी कापूस निघाला, पिवळट, गोळे झालेला. मग आईनं कोपरापर्यंत हात आत घातला आणि कोंबडीखालचं अंडं काढावं तसा हळूच एक तुकडा बाहेर काढला. मोरपंखी. मग आकाशी. मग जरीच्या काठाचा जांभळा. एकेक वीतभर, चौघडी घातलेला. मी मोजत गेले. सोळा.

दुसऱ्या कुठल्याही टेलरच्या घरात हे दृश्य काही विशेष नव्हतं. आमच्या घरात होतं.

बार्शीत अण्णांना सगळे पिसे मास्तर म्हणत. 'सोनार, शिंपी, कुलकर्णी अप्पा, यांची संगत नको रे बाप्पा' ही म्हण त्यांनी लहानपणी इतक्यांदा ऐकली होती, की दुकान टाकलं त्या दिवशी त्यांनी पाटी रंगवून घेतली: 'उरलेले कापड परत मिळेल.' आणि खरंच मिळायचं. ब्लाउज शिवून झाला की उरलेलं कात्रण, बोटभर असलं तरी, पुरचुंडीत बांधून, टाचणीनं ब्लाउजला लावून परत. बायका चार दुकानं ओलांडून आमच्याकडे यायच्या त्या शिलाईपेक्षा त्या पुरचुंडीसाठी.

"आई, हे कुणाचं?"

"आता तुझ्या पोराचं."

"तसं नाही गं. कुणाचं?"

तिनं वर बघितलं नाही. "हूक-काजं कोण करतं? मी. पुरचुंड्या कोण बांधतं? मी. वर्षातनं एखादी वीतभर बारीक बांधली, तर कुणाला कळतंय?"

"आणि ठेवलंस अण्णांच्या उशीत?"

"तिथं ते कधी शोधणार नाहीत," आई म्हणाली. "माणूस आपल्या डोक्याखाली बघत नाही."


पांढरा, आतला

बाळाच्या पहिल्या दुपट्याला नवं कापड चालत नाही, आणि मशीनही चालत नाही. मशीनचा टाका कडक असतो, पाठीला टोचतो. म्हणून आईनं ते सोळा तुकडे सात वेळा उकळत्या पाण्यातून काढले आणि दोरीवर माझ्या परकराखाली लपवून वाळवले. चार आडवे, चार उभे. आतल्या बाजूनं अण्णांचं जुनं धोतर, विरून साईसारखं झालेलं. वरून बारीक धावदोरा.

चार दिवस आम्ही बारा ते दीड शिवत बसलो. दोनला अण्णा जेवायला यायचे.

"टेलरची पोर आणि टाके बघा," आई म्हणायची. "बेडूक चाललाय कापडावरनं. उसव ते."

"बाळाला काय कळतंय?"

"पाठीला कळतं."

"तुला कुठनं माहीत?"

त्यावर ती सुई तोंडात धरायची. आईला उत्तर द्यायचं नसलं की तिच्या तोंडात सुई असायची.

पाचव्या दिवशी कड घालून झाली. दुपटं कॉटवर पसरून आम्ही दोघी नुसत्या बघत बसलो. आई एकदा उठली, तिनं तळहात त्यावरून फिरवला आणि परत येऊन बसली. मग मी पाण्याची कळशी भरायला बाहेर गेले, आणि येताना कडी घालायची विसरले.

अण्णा चष्मा विसरले होते. तो न्यायला ते साडेबाराला आले.


सोळाही

ते कॉटपाशी उभे राहिले. चष्मा शोधला नाही. वाकले आणि बोटांनीच बघायला लागले. अण्णा कापड नेहमी आधी बोटांनी बघायचे.

"हे बागवान वहिनींचं," ते म्हणाले. "नजमाच्या लग्नातलं."

आई चुलीपाशी होती.

"हे प्रधानबाईंचं, शाळेच्या गॅदरिंगला शिवलेलं. हे कोठाऱ्यांच्या थोरल्या सुनेचं. हे... हे उंबर्जेंच्या शोभाचं." त्यांचं बोट एकेका तुकड्यावर थांबत होतं. एकदाही अडखळलं नाही. शेवटच्या कोपऱ्यात अबोली रंगाचा तुकडा होता. "आणि हे समोरच्या जगताप वहिनींचं. गेल्या दिवाळीचं."

"सोळाच्या सोळा बरोबर," आई म्हणाली. "हात धुवा, भाकरी गरम आहे."

"कधीपासून?"

"कुंदा झाल्यापासून." कुंदा म्हणजे मी.

"कशात ठेवत होतीस?"

आईनं उशीकडे बोट केलं. ती नव्या कापसानं फुगून कॉटच्या उशाला बसली होती. अण्णांनी ती बोटांनी दाबून बघितली.

"म्हणून मानेला लागायचं," ते म्हणाले.

मला हसू आलं. ते हसत नव्हते.

"का केलंस?"

"होतं कारण."

"सांग."

"आता सांगून काय? झालंय ते."

अण्णांनी दुपट्याची घडी घातली. ब्लाउजची घालतात तशी, कडेला कड लावून. ती काखेत धरली. "माझं नातवंड ह्याच्यावर निजणार नाही. ज्याचं त्याला विचारल्याशिवाय नाही."

"लग्नसराईत दुकान बंद ठेवून सोळा घरं फिरणार?"

"फिरणार."

"अहो, लोक हसतील."

"हसू देत," अण्णा म्हणाले. "माझ्या पाटीवर काय लिहिलंय?"


हिरवं साटीन

पहिल्या घरी मी त्यांच्याबरोबर गेले. डॉक्टरीणबाईंनी मला रोज चालायला सांगितलंच होतं, आणि खरं सांगायचं तर अण्णा काय बोलणार, ते मला ऐकायचं होतं.

मेहरून बागवान ओट्यावर फळांच्या पाट्या लावत होत्या. अण्णांनी दुपटं पसरलं आणि हिरव्या तुकड्यावर बोट ठेवलं.

"वहिनी, हे साटीन तुमचं. वीतभर आमच्या घरात राहिलं."

"मग?"

"मग तुम्ही सांगा. ठेवू, की उसवून देऊ?"

मेहरून वहिनींनी आधी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्या पोटाकडे, आणि आतल्या सुनेला हाक मारली. "रेश्मा, बाहेर ये. मास्तर चोरी कबूल करायला आलेत."

अण्णांचे कान लाल झाले.

"मास्तर, नजमाला तीन पोरं झाली. तो ब्लाउज आता तिच्या दंडातसुद्धा जायचा नाही. ठेवा की. अन् ह्या पोटुशीला उन्हात कशाला फिरवताय? रेश्मा, चार केळी दे गं तिला."

परतताना अण्णांच्या एका हातात दुपटं होतं, एका हातात केळी.

"एक झालं," ते म्हणाले.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत नऊ झाली. रात्री जेवताना ते सांगत होते आणि आई त्यांच्याकडे पाठ करून भाकरी थापत होती. कोठाऱ्यांच्या सुनेला तो ब्लाउज आठवतच नव्हता. एका घरी चहा झाला, एका घरी दुसरा. प्रधानबाईंनी चष्मा लावून टाके बघितले.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"म्हणाल्या, मास्तर, हे तुमचं काम नाही. तुमचा हात इतका सरळ कधीच नव्हता."

आईनं भाकरी उलटवली. मग त्यांच्या ताटात न विचारता आणखी एक पळी आमटी वाढली. दोन दिवसांत दोघांत झालेलं तेवढंच बोलणं.


फिकट गुलाबी, मधला

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला आम्ही उंबर्जे आजींकडे गेलो. माझी कंबर पहाटेपासून दुखत होती. मी कुणाला सांगितलं नव्हतं. नववा लागला की कंबर दुखतेच, असं मला वाटत होतं.

आजी उंबऱ्यात बसल्या होत्या. अण्णांनी दुपटं त्यांच्या मांडीवर ठेवलं. बाकी पंधरा तुकड्यांकडे त्यांनी बघितलंही नाही. मधल्या चारांतल्या गुलाबी व्हॉइलच्या तुकड्यावर हात ठेवला आणि तो तसाच राहिला.

"शोभाचं आहे हे."

"होय."

"तिनं साडी नेसायच्या आधी ब्लाउज मला घालून दाखवला होता. पाठ बघ म्हणाली, बरोबर बसलाय का."

शोभाताई लग्नानंतर दोन वर्षांत तापानं गेल्या, हे गावात सगळ्यांना माहीत होतं.

"तिच्या सासरकडनं मला काही आलं नाही," आजी म्हणाल्या. "मागून बघितलं. म्हणाले, सगळं वाटून टाकलं. एक रुमाल नाही हो आला." त्यांनी अण्णांकडे बघितलं. "मला द्याल का हे?"

"तुमचंच आहे."

अण्णांच्या खिशात ब्लेड होतं. ते उंबऱ्याखाली पायरीवर बसले आणि एकेक टाका सोडवायला लागले. घाई केली नाही. कापडाला कुठं इजा होऊ दिली नाही. तुकडा सुटल्यावर त्याला चिकटलेले दोरे त्यांनी नखानं काढले आणि तो दोन्ही हातांनी आजींना दिला. आजींनी तो उघडला, घडी घातली, परत उघडला.

दुपट्याच्या मधल्या भागात आता चौकोनी भोक होतं आणि त्यातून पांढरं धोतर दिसत होतं.

रस्त्यावर आल्यावर अण्णांनी दुपट्याची घडी काखेत धरली. मग म्हणाले, "बघ. म्हणून विचारायचं असतं."

मला आईची बाजू घ्यायची होती. पण मी आजींचे हात बघितले होते.

त्यांनी मला घरी सोडलं. "दोघी वैरागला गेल्यात राहायला. एसटीनं जाऊन येतो. उरलेल्या चार गावातल्याच आहेत, संध्याकाळी उरकतो."

"तुकड्यासाठी वैरागला?" आई आतून म्हणाली.

अण्णा दुपटं काखेत मारून गेले. तासाभरानं मला पहिली खरी कळ आली.


न विचारलेले चार

मला मुलगी झाली तेव्हा दुपारचे साडेचार वाजले होते. प्रसूतिगृहात तीन खाटा होत्या. शेजारच्या खाटेवर आदल्या दिवशी बाळंत झालेली एक मुलगी आणि तिची सासू होती.

सिस्टर बाळाला पुसून घेऊन आल्या. "आजी, गुंडाळायला द्या."

आईनं पिशवी उघडली. घाईघाईत आणलेल्या पिशवीत लंगोट होते, झबली होती, कुंची होती. दुपटं वैरागच्या एसटीत होतं.

"आजी?"

"आणतायत," आई म्हणाली.

"कोण? कधी? पंखा चालूय इथं."

शेजारची सासू उठली. चांगली बाई होती बिचारी. "हे घ्या की आमचं, जादाचं आहे. मागनं परत द्या सावकाश."

"नको." आई इतक्या जोरात म्हणाली, की सिस्टर दचकल्या.

"अगं आई, घे ना," मी म्हणाले.

"नको म्हणलं ना."

तिनं स्टूल ओढलं, बसली, खांद्यावरचा पदर सोडला आणि सिस्टरपुढे हात केले. मुलीला पदरात घेऊन त्याची तीन वेढ्यांची घडी तिच्याभोवती घातली. आता तिला उठता येत नव्हतं, मान वळवता येत नव्हती, पाण्याचा पेला घेता येत नव्हता. ती तशीच बसून राहिली.

अण्णा सव्वापाचला आले. कुणीतरी त्यांना एसटी स्टँडवरच सांगितलं होतं. सदऱ्यावर धूळ, काखेत दुपटं. दारात चपला काढल्या आणि तिथंच थांबले.

"मुलगी," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. पुढे आले नाहीत.

"किती राहिल्या?" आईनं विचारलं. ती बाळाकडे बघत होती.

"चार."

"मग या जाऊन. आम्ही बसलोय."

"आजोबा, कसले चार?" सिस्टर म्हणाल्या. "द्या ते इकडं. ह्यांना किती वेळ असं बांधून ठेवायचं?"

अण्णांनी दुपटं छातीशी धरलं. इतकं केविलवाणं तोंड मी त्यांचं कधी बघितलं नव्हतं. चार घरं होती. चारही दहा मिनिटांच्या आतली. कुणी नाही म्हणणार नव्हतं, हे त्यांना माहीत होतं. पण उंबर्जे आजींच्या घरीही त्यांना तसंच वाटलं असणार.

"कमळाबाई आठवतात?" आई म्हणाली.

"कोण कमळाबाई?"

"आपण बार्शीत आलो तेव्हा शेजारी होत्या. कुंदा झाली तेव्हा त्यांनी दुपटं दिलं होतं. माझ्याकडं दोनच लुगडी होती, फाडायची कुठली? माझी आई नव्हती. तुमचं धोतर मागितलं तर म्हणालात, दुकानात काय नेसू?"

अण्णा ऐकत होते.

"बाराव्या दिवशी, बारशाला, सगळ्या बायका बसल्या होत्या. कमळाबाई आल्या आणि कुंदाच्या खालनं दुपटं काढून घेतलं. म्हणाल्या, आता आमच्या सुनेला लागेल. आणि म्हणाल्या, अगं बाई, टेलरच्या घरात एक चिंधी नाही का?" आईनं बाळाच्या तोंडावर आलेला पदर बाजूला केला. "हसल्या सगळ्या. मीसुद्धा हसले. त्या दिवशी कुंदा तुमच्या इस्त्रीच्या घोंगडीवर निजली. आठ दिवस तिच्या पाठीवर पुरळ होतं."

शेजारची सासू आपलं दुपटं हातात धरून उभी होती, ती हळूच खाली बसली.

"मला का नाही सांगितलंस?" अण्णा म्हणाले.

"सांगितलं असतं तर काय केलं असतंत? गिऱ्हाइकाचं घेतलं असतंत?"

खरं उत्तर दोघांना माहीत होतं.

मग ते पुढे आले. माझ्या पायाशी खाटेवर दुपटं पसरलं, सुरकुत्या हातानं काढल्या आणि आईपुढे वाकले. तिच्या पदराचे वेढे एकेक करून सोडवले, सकाळी टाके सोडवले होते तितक्याच हळू. मुलीला उचलून दुपट्यावर ठेवलं. डावी बाजू आत घेतली, उजवी त्यावर, खालची वर.

"डोकं बाहेर ठेवा," आई म्हणाली. "ब्लाउज नाही तो."

अण्णांनी वरची घडी मागे घेतली. मुलीनं तोंड वाकडं केलं आणि गप्प झाली. मधलं पांढरं धोतर बरोबर तिच्या पाठीखाली आलं होतं.

"ते चार मी चोरलेत," अण्णा म्हणाले.

आईनं पहिल्यांदा मान वर केली.

"बाकीचे तू घेतलेस, मी विचारून आलो. ते मिटलं. हे चार माझे. तुझं नाव त्यात नाही."

"वेडे आहात," आई म्हणाली. तिनं पदर खांद्यावर घेतला. तो ओला झाला होता, आणि त्याच्या टोकानं तिनं डोळे पुसले तेव्हा सिस्टर म्हणाल्या, आजी, त्यानं नका पुसू.


अबोली

अण्णा त्यानंतर अकरा वर्षं जगले. माझ्या मुलीनं ते दुपटं वापरलं, मग माझ्या मुलानं, मग माझ्या भाच्यानं. मधलं भोक आईनं कधी भरलं नाही. मी एकदा म्हणाले तेव्हा ती म्हणाली, तिथं तुकडा नाही असं नाही, ते तुझ्या वडिलांचं धोतर आहे.

उरलेल्या चौघींपैकी एक पुण्याला गेली, दोघी गावातच होत्या, अण्णांना बाजारात भेटायच्या. आणि अबोली तुकडा जगताप वहिनींचा. त्यांचं घर दुकानाच्या बरोबर समोर. अण्णांनी दुकान बंद करेपर्यंत त्यांचे सगळे ब्लाउज अण्णांनीच शिवले, आणि प्रत्येकाला पुरचुंडी लावून दिली.

एकदा मी माहेरी गेले असताना दुकानात बसले होते. वहिनी कापड देऊन समोर गेल्या, आपल्या ओट्यावर बसल्या, आणि अण्णांनी टेप गळ्यात टाकून कापडावर खडूची रेघ मारायला घेतली.

"अण्णा, ह्यांना अजून नाही विचारलंत?"

"नाही."

"समोर तर राहतात. आता हाक मारली तरी ऐकू जाईल. विचारून टाका की."

त्यांनी रेघ शेवटपर्यंत नेली.

"विचारलं तर त्या हो म्हणतील," अण्णा म्हणाले. "मग ती चोरी माझी कुठं राहिली?"